कळसूबाईची अट

मराठी शाळेत चार इयत्ता शिकलेल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारावे, की महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कोणते? तो डोळे न उघडता ‘कळसूबाई’ असे उत्तर देईल आणि कूस बदलून पुन्हा घोरू लागेल. उंची विचारली तर मात्र अडखळेल. जुनी पुस्तके ५४०० फूट म्हणत, नवी १६४६ मीटर म्हणतात. माप बदलले, बाई आहे तेवढीच आहे. अलीकडे या शिखराला ‘महाराष्ट्राचे एव्हरेस्ट’ म्हणण्याची एक टूम निघाली आहे. मला ती मुळीच पसंत नाही. एव्हरेस्टच्या उंचीत अशा पाच कळसूबाया एकीच्या डोक्यावर एक उभ्या राहतील आणि तरीही वर दोन हजार फूट मोकळे उरतील. ज्या बाईला स्वतःची एवढी अस्सल गोष्ट आहे, तिला परक्या देशातली पदवी उसनी आणून देण्याचे कारणच काय? ती गोष्ट पुढे येईलच.

नाशिक जिल्ह्यातला इगतपुरी तालुका आणि अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातला अकोले तालुका यांच्या सीमेवर हा डोंगर उभा आहे. घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बारी नावाचे गाव लागते. तिथे उतरायचे, मान वर करायची आणि मग ती बराच वेळ खाली घ्यायची नाही. गावापासून माथ्यापर्यंतची चढण सुमारे २७०० फुटांची. शहरातल्या वाचकांसाठी हिशेब सांगायचा तर एका मजल्याला दहा फूट धरून दोनशे सत्तर मजल्यांचा जिना. तोही सरळ पायऱ्यांचा नव्हे. कुठे माती, कुठे सुटे धोंडे, कुठे कातळ आणि तीन-चार ठिकाणी कड्याला टेकवलेल्या लोखंडी शिड्या.

दगड इथून तिथून सारा काळा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून लाव्ह्याचे लोट बाहेर पडले, एकावर एक थर साचत गेले आणि त्यांचे आपले दख्खनचे पठार झाले. यातली एक मौज मला फार आवडते. सह्याद्रीतल्या या थरांचे भूशास्त्रज्ञांनी तीन मोठे गट पाडले आहेत आणि त्यांतल्या सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांत जुन्या गटाला त्यांनी नाव दिले आहे ते कळसूबाईचे. राज्यातले सर्वांत उंच टोक आणि डोंगराची सर्वांत खालची पायरी, दोघींचे नाव एकच.

आता माझ्या मित्राविषयी. नाशिकच्या एका शाळेत त्याने छत्तीस वर्षे गणित शिकवले. सारी गल्ली त्याला मास्तर म्हणते, त्याची बायको मास्तर म्हणते, मग चौथीच्या वर्गापासूनचा त्याचा सोबती मी दुसरे काय म्हणणार? आम्ही दोघेही अडुसष्टाव्या वर्षात आहोत. तरुणपणी आम्ही रामशेज, अंजनेरी, हरिश्चंद्रगड, साल्हेर असे पुष्कळ डोंगर पायाखाली घातले. कळसूबाई तेवढी राहिली. अगदी अंगणातली, म्हणूनच राहिली. मुंबईकर घारापुरीला जात नाही, त्यातलाच प्रकार. ‘पुढल्या वर्षी नक्की’ असे म्हणता म्हणता आमचे केस पिकले, आणि साडेचार वर्षांपूर्वी एके पहाटे मास्तरच्या छातीत कळ आली.

हृदयाकडे जाणाऱ्या तीन वाहिन्या तुंबलेल्या निघाल्या. पायातली शीर काढून छातीत नव्या वाटा करून द्याव्या लागल्या. चौथ्या दिवशी मी भेटायला गेलो, तेव्हा नळ्या लावलेला मास्तर अगदी हळू आवाजात म्हणाला, “कळसूबाई राहिली रे.” दुसरा कोणी असता तर मुलाबाळांचे काही बोलला असता.

बरे झाल्यावर त्याने हा विषय सोडला नाही. डॉक्टरांनी त्याला फिरत्या पट्ट्यावर चालवून पाहिले, कागदावर उमटलेल्या रेषा पाहिल्या आणि अखेर परवानगी दिली. पण तिला तीन कलमे जोडली. पहिले, तोंडाने नीट बोलता येईल इतक्याच वेगाने चढायचे. वाक्य तुटू लागले की थांबायचे. दुसरे, छातीत दडपण वाटले तर बसायचे आणि खिशातली गोळी जिभेखाली ठेवायची. तिसरे, तसे काही झाले तर तिथून उतरायचे. बरे वाटले तरी उतरायचे. त्यानंतर दोन महिने आम्ही रोज सकाळी पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढत होतो. पहिल्या आठवड्यात तिथल्या बाकावर बसून मास्तर जसा घामेजला होता, ते पाहून मला ह्या साऱ्या खटाटोपाची धास्तीच वाटली होती. आठव्या आठवड्यात तो वर पोहोचून माझी वाट पाहू लागला.

निघायच्या दिवशी वहिनींनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचे खडे बांधून दिले. आम्ही पायऱ्या उतरत असताना त्या मला म्हणाल्या, “भाऊजी, न्याल तसे परत आणा. माझं दुसरं काही म्हणणं नाही.” आवाज चढवलेला नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हते. एखादी वस्तू हवाली करताना माणूस जसा मोजून बोलतो तशा त्या बोलल्या, आणि ते वाक्य मी दिवसभर पाठीवरच्या ओझ्याबरोबर वाहिले.

रात्रीचा मुक्काम बारीतच केला. गावातली पुष्कळ घरे आता डोंगर चढायला येणाऱ्यांची जेवणाखाण्याची सोय करतात. शनिवार-रविवारी इतकी गर्दी लोटते की शिड्यांच्या तोंडाशी रांगा लागतात. म्हणून आम्ही मुद्दाम मधला वार धरला होता. डिसेंबर महिना, भाताची कापणी होऊन गेलेली, खाचरांत नुसती खुंटे आणि घरांशेजारी पेंढ्याच्या गंजी. ओसरीवर गोधड्या पांघरून पडल्यावर मास्तरने अट घातली.

“माझी पिशवी तू घ्यायची नाहीस. मी मागितल्याशिवाय हात द्यायचा नाहीस. तू मला वर नेलंस असं मला म्हणायचं नाहीये.”

“मंजूर,” मी म्हणालो. “माझीही एक आहे. दुपारी दीड वाजला की जिथे असू तिथून माघारी. माथा दहा पावलांवर असला तरी.”

मास्तरने अंधारातच हिशेब केला. दिवस सहाच्या सुमारास मावळणार, उतरायला आपल्या चालीने साडेचार तास. “बरोबर आहे,” तो म्हणाला. “दीड म्हणजे एक वाजून तीस. एकतीस नव्हे.”

पावणेसातला आम्ही घर सोडले. गार वारा होता, हात खिशातून बाहेर काढवत नव्हते. ओढा ओलांडला, खाचरांच्या बांधांवरून गेलो आणि चढ सुरू होतो न होतो तोच देवीचे एक देऊळ लागले. माथ्यावरच्या देवळापर्यंत ज्यांना जाववत नाही, त्यांनी इथेच दर्शन घ्यावे म्हणून हे खालचे स्थान. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या, आजारी, सारी इथे नारळ वाढवून परततात आणि देवी त्यात काही कमी मानीत नाही, अशी गावची समजूत आहे. मला ही सोय फार शहाणपणाची वाटते. मास्तरने हात जोडले, उंबऱ्याबाहेरच क्षणभर उभा राहिला आणि म्हणाला, “ही हाताशी असलेली जागा ध्यानात ठेवू. चल.”

डॉक्टरांचे पहिले कलम पाळायला मास्तरने एक युक्ती काढली होती. तो पाढे म्हणत चढे. आधी दोन ते दहा, मग पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी. आजच्या मुलांना ही नावेही ठाऊक नसतील. आमच्या लहानपणी औटकीपर्यंत म्हणून दाखवल्याशिवाय घरी सोडीत नसत. साडेतीनच्या पाढ्याला औटकी म्हणतात, एवढे नव्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. सगळ्यांत अवघड घाट म्हणजे एकोणतीसचा पाढा. एकोणतीस एके एकोणतीस, दुणे अठ्ठावन्न, त्रिक सत्त्याऐंशी, चोक सोळोदरसे. या ‘सोळोदरसे’ला दम अडकला की मास्तर आपण होऊन काठीवर रेलून उभा राही आणि मी घड्याळात पाहून चार मिनिटे मोजी. सकाळच्या शांततेत त्या डोंगरावर एका म्हाताऱ्याच्या आवाजात औटकी ऐकू येत होती. शेळ्या घेऊन निघालेला एक पोरगा थांबून ऐकत राहिला. तो बहुधा ही काही नव्या धर्तीची स्तोत्रे समजला असावा.

पहिल्या विसाव्याला मी मास्तरला कळसूची गोष्ट सांगितली. इंग्रजांच्या वेळच्या गॅझेटियरमध्येही ती नोंदलेली आहे आणि बारीच्या कुठल्याही म्हातारीच्या तोंडीही आहे. कळसू ही कोळ्याची पोर, रानावनांत हिंडायची हौस असलेली. हिंडत हिंडत ती या डोंगराच्या पायथ्याशी आली आणि इंदोरे गावच्या एका कोळ्याच्या घरी कामाला राहिली. राहताना तिने अट घातली, की मी पडेल ते काम करीन, पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. घरच्यांनी कबूल केले. बरेच दिवस सुरळीत गेले. मग एक दिवस घरातल्या कोणीतरी तिला भांडी घासायला आणि केर काढायला फर्मावले. कळसू भांडली नाही. तिने भांडी घासली, केर काढला आणि मग सरळ डोंगराची वाट धरली. ती पुन्हा खाली आली नाही. उरलेले आयुष्य माथ्यावर राहिली आणि माथ्याचीच देवी झाली. जिथे तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ आणि जिथे केर टाकला तो काळदरा, अशी नावे अजून सांगतात.

आपल्याकडे देव्यांच्या गोष्टींत राक्षस असतो, युद्ध असते, रक्ताचे पाट असतात. इथे काय आहे? एक मोलकरीण, एक ठरलेला शब्द आणि एक दिवस तो कोणीतरी सहज मोडला. तेवढ्यासाठी ती राज्यातल्या सर्वांत उंच जागी जाऊन बसली. मास्तरला ही गोष्ट इतकी पटली की तो बराच वेळ पाढे म्हणायचा थांबला. मग म्हणाला, “तिनं आधी काम करून दिलं बघ. म्हणजे त्यांना बोलायला जागा राहिली नाही.”

हा मुलूख महादेव कोळ्यांचा. १९८६ साली इथल्या रानाला हरिश्चंद्रगड-कळसूबाई अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले, तरी हे रान वापरून, राखून, त्यातून वाटा पाडून ज्यांनी ते आपल्यापर्यंत आणले ती हीच माणसे. याच तालुक्यातल्या देवगावच्या राघोजी भांगऱ्याने सावकार आणि इंग्रज सरकार यांच्याविरुद्ध बंड केले आणि १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात तो फासावर गेला. शब्द मोडला की डोंगर जवळ करायचा, ही रीत कळसूपुरती नव्हती असे दिसते.

शिड्या सुरू झाल्या. शिड्या नव्हत्या तेव्हा लोक साखळ्या धरून कातळ चढत. आजच्या शिड्या भक्कम आहेत, बाजूला कठडे आहेत. तरी पायऱ्यांच्या फटींतून खालचे खाचर आगपेटीएवढे दिसते आणि माणूस कठडा जरा घट्ट धरतो. पहिल्या दोन शिड्या मास्तर एका लयीत चढून गेला. वाटेत एका खोपटात लिंबूसरबत मिळाले. तिथल्या माकडांनी आमच्या गुळावर डोळा ठेवला होता, पण मास्तरने त्यांच्याकडे वर्गातला चष्म्यावरून पाहण्याचा कटाक्ष टाकला आणि ती पोरे गप्प बसली.

दुसऱ्या आणि तिसऱ्या शिडीच्या मध्ये, साडेदहाच्या सुमारास, पंचवीसच्या पाढ्याच्या मध्यावर त्याचा आवाज थांबला. मी मागे वळून पाहिले. तो उभा होता आणि त्याचा उजवा हात छातीवर होता.

“काय झालं?”

“काही नाही. पिशवीचा पट्टा रुततोय.”

वाचकहो, इतक्या वर्षांत या माणसाने मला फसवल्याचे मला आठवत नाही. पण शिखर डोक्यावर दिसत असताना आणि उतरण्याचे कलम मानेवर बसलेले असताना माणूस खरे बोलेलच, अशी खात्री कोणी द्यावी? मी त्याला खाली बसवले. नाडी पाहिली, ती माझ्यापेक्षा संथ होती. ओठांचा रंग पाहिला. पिशवी माझ्या खांद्यावर घ्यावी असे हात सांगत होते. अट आडवी आली. वहिनींचे वाक्य एका कानात, कळसूचे दुसऱ्या कानात. शेवटी मी म्हणालो, “एकोणतीसचा म्हण. न थांबता.”

त्याने माझ्याकडे पाहिले. मला काय म्हणायचे आहे ते त्याला कळले आणि त्याला राग आला. चौथीत हिशेबाची वही मी लपवली होती तेव्हा आला होता तसला राग. तसाच बसून त्याने एका सुरात एकोणतीसचा पाढा म्हटला. सोळोदरसे ओलांडले, पंचेचाळासे ओलांडले आणि दाहे दोनशे नव्वदपर्यंत कुठेही दम तुटला नाही. मग त्याने सदऱ्याची गुंडी काढून दाखवली. टाक्यांच्या जुन्या वणावर पट्ट्याची लाल रेघ उमटली होती. मी माझा पंचा घडी करून त्याला दिला. त्याने तो पट्ट्याखाली सरकवला आणि पुढची दहा मिनिटे आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

डोंगरात असा अबोला फार वेळ टिकत नाही. दुसऱ्याच्या पायाखालचा दगड हलला की तोंडातून शब्द निघतोच.

एक वाजायला पाच मिनिटे कमी असताना आम्ही माथ्याखालच्या पठारावर आलो. तिथे एक विहीर आहे. इतक्या उंचावर विहीर पाहून पहिल्यांदा डोळ्यांवर विश्वास बसत नाही. पण सह्याद्रीच्या कातळाची ही जुनीच कला आहे, पाऊस पोटात जिरवायचा आणि उन्हाळ्यापर्यंत जपून थोडा थोडा सोडायचा. आम्ही दशम्या सोडल्या, पाणी प्यायलो. समोर शेवटची शिडी. ती चढली की देऊळ.

आणि इथे, जिथे मला कसलीही शंका नव्हती, तिथे मास्तर अडला. चार पायऱ्या चढून त्याने खाली पाहिले आणि त्याचे पाय लोखंडाला चिकटल्यासारखे झाले. छाती ठीक होती, दम ठीक होता. नुसती भीती. साल्हेरच्या कड्यावर पाय सोडून बसणारा माझा मित्र कठड्याला दोन्ही हातांनी मिठी मारून उभा होता आणि त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम गळत होता. तो तसाच मागे सरकत खाली उतरला. घड्याळात एक वाजून आठ मिनिटे झाली होती.

“तू जाऊन ये,” तो म्हणाला. “मी इथं बसतो.”

“मी एकटा जात नाही.”

“हे तुझ्या अटीत नव्हतं.”

“आता घातलं.”

तो कातळाला टेकून बसला. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हतेच. भीतीला युक्तिवाद चालत नाही आणि हात देण्याची मला बंदी होती. एक दहा झाले, एक बारा झाले. तेवढ्यात खालून एक बाई आली. पन्नाशीची असेल, अनवाणी, डोक्यावर फडक्यात बांधलेले बोचके आणि वर पाण्याची कळशी. वरच्या अंगाला बसून सरबत विकायचे तिचे काम असावे. तिने मास्तरकडे पाहिले, शिडीकडे पाहिले, आणि तिला सारे उमगले.

“पायऱ्या मोजत व्हता का बाबा?”

मास्तर चमकला. “हो. का?”

“मोजू नका. मोजल्या का सरत न्हाईत. माझ्या टाचंकडं बघा अन्‌ या.”

एवढे बोलून ती शिडीला लागलीसुद्धा. मागे वळून पाहण्याचे तिला कारण नव्हते. मास्तर उठला. ज्या माणसाने आयुष्यभर मोजले आणि मोजायला शिकवले, तो त्या भेगाळलेल्या टाचांवर नजर लावून एकेक पायरी चढू लागला. मी त्याच्या मागे. त्याच्या पाठीला हात लावावा असे दोनदा मनात आले आणि दोनदा मी तो मागे घेतला. मध्यावर त्याने थांबून डोळे मिटले. वरून तिचा आवाज आला, “या, या, वारा गार हाय.” आणि तो आला.

एक वाजून एकोणीस मिनिटांनी आम्ही माथ्यावर होतो.

माथा लहानसा. मधोमध देवळी, दोन माणसे आत गेली तर तिसऱ्याने बाहेर थांबावे एवढी. आत शेंदूर ल्यालेली कळसूबाई. नवरात्रात इथे जत्रा भरते तेव्हा नऊ दिवस लोक या शिडीवरून खालीवर करीत असतात, खाली-मागे शेते वाट पाहत असतात. त्या दिवशी आम्ही दोघे, ती बाई आणि वारा, एवढेच होतो. मास्तरने आत जाऊन डोके टेकवले. देवाधर्माच्या बाबतीत तो फार उत्साही नाही, पण बाहेर आला तेव्हा म्हणाला, “नमस्कार मोलकरणीला केला. देवीचं देवी बघून घेईल.”

मग आम्ही पाहिले. दक्षिणेला भंडारदऱ्याचे पाणी, प्रवरा अडवून १९२६ साली पुऱ्या झालेल्या धरणाचे. त्याच्या पलीकडे रतनगड आणि त्याचा खुटा. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग ही तीन उग्र भावंडे. यांच्या वाटेला जाण्याचे वय आमचे निघून गेले, आणि तसे मी मास्तरला स्पष्ट सांगितले, कारण त्याची नजर मला ओळखीची वाटत होती. पूर्वेकडे पट्टा. १६७९ साली जालन्याच्या स्वारीनंतर शिवाजी महाराज तिथे विसाव्याला थांबले आणि त्याचे विश्रामगड झाले. दूर दक्षिणेला हरिश्चंद्रगडाचा भव्य पसारा. उत्तरेला धुरकट रेषेत सप्तशृंगीचा डोंगर. ज्या डोंगरांवर पंचवीस-तीस वर्षांचे असताना आम्ही झोपलो होतो, ते एकेक करून हजेरी देत होते. मास्तर नावे घेत होता आणि मी ‘हजर’ म्हणत होतो.

त्या बाईकडून आम्ही दोन पेले सरबत घेतले. पैसे देताना मास्तरने विचारले, “रोज येता?”

“गिऱ्हाईक असंल तवा. शनवार-रईवार दोनदा.”

दोनदा! मास्तरने माझ्याकडे पाहिले. दिवसाला ५४०० फूट चढण, डोक्यावर कळशी. आमच्या पराक्रमाचे त्या क्षणी जे व्हायचे ते झाले.

एक वाजून अठ्ठावीस मिनिटांनी मास्तर आपण होऊन उठला. “दोन मिनिटं लवकर,” तो म्हणाला, “म्हणजे तुला बोलायला जागा नको.”

चढणे छातीचे काम, उतरणे गुडघ्यांचे. चढताना मांडीचे स्नायू आखडून जोर लावतात. उतरताना तेच स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार थोपवून धरतात, आणि ही दुसरी मेहनत त्यांना अधिक झिजवते. खाली उतरल्यावर पाय लटलट कापतात ते यामुळेच. पहिल्या दोन शिड्या मास्तर तोंड कातळाकडे करून उतरला. तिसरीच्या खाली त्याचा डावा गुडघा कुरकुरू लागला. तो काठी पुढे रोवायचा, मग दुखरा पाय टाकायचा, मग बरा. पाढे बंद होते. आता एकेका पावलाला एकेक ‘हं’. सूर्य कुलंगच्या अंगाला कलला आणि डोंगराची सावली आमच्याआधी बारीत पोहोचली. सव्वापाच झाले तेव्हा खालचे देऊळ अजून बरेच खाली होते.

तिथे मास्तर थांबला. पिशवी खांद्यावरून काढली आणि माझ्यासमोर धरली. “घे,” तो म्हणाला. “आता मागतोय.”

मी ती घेतली आणि दुसरा हात पुढे केला. त्याने तोही धरला. असे आम्ही, दोन म्हातारी पोरे हातात हात घालून, शेवटचा उतार उतरलो. खालच्या देवळापाशी त्याने पुन्हा हात जोडले. ओढ्याशी येईतो विजेरी पेटवावी लागली. सहा वाजून वीस मिनिटांनी आम्ही त्याच ओसरीवर बसलो होतो आणि घरधनीण चुलीवर नागलीची भाकरी थापत होती. तिने मास्तरकडे एकदा निरखून पाहिले आणि काही न विचारता ऊन पाण्याचे घमेले त्याच्या पायांशी आणून ठेवले.

मी आधी वहिनींना दूरध्वनी केला. “नेले तसे आणले,” मी म्हणालो. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग त्या म्हणाल्या, “त्यांना द्या.” मास्तर बराच वेळ नुसते ‘हो’ आणि ‘नाही’ म्हणत राहिला. यंत्र मला परत देऊन त्याने बूट काढले, मोजे काढले आणि पाय घमेल्यात सोडले. दोन्ही अंगठ्यांची नखे उतरताना बुटाच्या टोकावर आपटून काळीनिळी झाली होती. ती त्याने कौतुकाने पाहिली आणि बोट ओठांवर ठेवून मला म्हणाला, “हे हिला सांगायचं नाही.”

मी तसा शब्द दिलेला नाही. आणि वहिनी दिवाळी अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, जाहिरातींसकट वाचतात.